विठाबाईंचे बाळंतपण आणि सरकारचे सन्मानपत्र

मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. पूर्वी कंधार तालुक्यात असलेले हे गाव आज लोहा तालुक्यात मोडते. परंतु बैलजोडी पाहावी आणि रात्री तमाशा ऐकावा, हा कंधारच्या शेतकऱ्याचा रिवाज बदललेला नाही. कनातीच्या आत, पडद्यामागे कोणते जीवन चालते, याचा विचार मात्र कष्टकऱ्यांच्या चळवळीनेही पुरेसा केलेला नाही. तो करावयाचा तर विठाबाई नारायणगावकरांची कारकीर्द पुन्हा पाहावयास हवी.

विठाबाईंचा जन्म १९३५ सालचा, पंढरपूरचा. वडील आणि चुलते ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा फड चालवीत. फडाच्या नावातच जात होती. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, त्यांचे गाणे ऐकण्यास मात्र सारे गाव लोटत असे. विठाबाईंच्या गळ्याने आणि पायांनी महाराष्ट्राला वेड लावले. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला.

दिवस भरले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तेव्हा त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर येण्यास सिद्ध झाल्या. ही हकिकत शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. वस्तुतः ते व्यवस्थेवरील आरोपपत्र आहे. प्रसूती लाभाचा कायदा १९६१ साली झाला. तो कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचला, तमाशाच्या राहुटीपर्यंत नाही. सुपारी घेतली की खेळ झालाच पाहिजे, आणि खेळ बुडाला की पोट बुडाले, हाच तेथील कायदा.

ही कहाणी केवळ महाराष्ट्राची नव्हे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय गायिका बेसी स्मिथ तंबूंतून गात मोठी झाली. तिच्या ध्वनिमुद्रिका लाखोंनी खपल्या. १९३७ साली मोटार अपघातात ती गेली, आणि तिच्या थडग्यावर नाव कोरलेला दगड बसण्यास १९७० साल उजाडले.

विठाबाई १५ जानेवारी २००२ रोजी निवर्तल्या. अखेरच्या आजारात रुग्णालयाचे देणे दात्यांच्या मदतीने भागवावे लागले. पुढे २००६ पासून शासन त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार देऊ लागले. पुरस्कार योग्यच आहे. तथापि तो एकाला मिळतो आणि शेकडो कलावंत उचलीच्या ओझ्याखाली तसेच राहतात.

कोणी म्हणेल, फडमालकच कर्जबाजारी आहे, तो देणार कोठून? हे खरे आहे. २०२० आणि २०२१ साली महामारीने यात्रा बंद पडल्या, तेव्हा मालक आणि वगातला सोंगाड्या दोघेही एकाच वेळी उघडे पडले. म्हणूनच ही जबाबदारी एकट्या मालकाची नाही. ती शासनाची आहे, आणि फडांच्या जिवावर ज्यांच्या यात्रा भरतात त्या यात्रा समित्यांचीही आहे. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची योजना राज्यात आहे. परंतु उमेदीच्या वयात कामगार म्हणून नोंदणी, बाळंतपणाची भरपगारी रजा, अपघाताचा विमा आणि फिरत्या मुलांचे शिक्षण हे उपकार नव्हेत, हक्क आहेत.

माळेगावात कनाती उभ्या राहतील तेव्हा कार्यकर्त्यांनी तिकीट अवश्य काढावे. परंतु खेळ सुटल्यावर घरी न परतता राहुटीत जावे, आणि ऊसतोड कामगाराला विचारतात तेच प्रश्न तेथील बाईला विचारावेत : उचल किती, फिटली किती, आणि आजारी पडल्यास पगार मिळतो काय?