पेपर परत जातो का, ते आधी विचारा

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या घरांतून हल्ली एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. वडील किंवा थोरला भाऊ कारखान्यात, आणि घरातली धाकटी एम.एस्सी. नाहीतर एम.ए. झालेली. तिला ‘जर्नल कंपनी’ची जाहिरात दिसते. पुण्यात नोकरी, किंवा घरी बसून काम, इंग्रजी चांगलं हवं. घरच्यांना कळत नाही की ही कंपनी नेमकं करते काय. छापखाना म्हणावा तर मशीन नाही, कॉलेज म्हणावं तर विद्यार्थी नाहीत. या धंद्यात मी बरीच वर्षं काढली आहेत. म्हणून मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी, दोघांनीही हे वाचावं.

आधी काम समजून घ्या. संशोधक आपला लेख, म्हणजे पेपर, एखाद्या जर्नलकडे पाठवतो. तिथला संपादक तो त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांना वाचायला देतो. ते दुरुस्त्या सुचवतात किंवा ‘छापू नका’ म्हणतात. या जाणकारांना बहुधा छदामही मिळत नाही, पेपर लिहिणाऱ्यालाही मानधन नसतं. मग पैसा येतो कुठून? एक तर ग्रंथालयं वर्गणी भरतात, नाहीतर लेखक किंवा त्याची संस्था छपाईची फी भरते. त्यात बड्या परदेशी कंपन्यांना तीस-पस्तीस टक्क्यांच्या वर नफा सुटतो. आपल्याच सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नलं सरकारी विद्यापीठांना आणि कॉलेजांना वाचायला मिळावीत म्हणून तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये मंजूर केले. नोव्हेंबर २०२४ची गोष्ट. म्हणजे हा धंदा लहान नाही.

पेपर मंजूर झाला की तो आपल्या मुलांच्या टेबलावर येतो. पुण्यात स्प्रिंगर नेचरचं मोठं ऑफिस आहे, मुंबईत २००२ सालापासून कॅक्टस ही कंपनी संशोधकांचं इंग्रजी सुधारून देते, चेन्नई-पुदुच्चेरीकडे तर टाइपसेटिंगच्या मोठमोठ्या कंपन्या आहेत. काम पुष्कळदा लंडन-न्यूयॉर्कचं असतं, बसायची खुर्ची मात्र इथली.

कॉपी एडिटर वाक्य नीट करतो. मजकुरात ‘तक्ता ४’ म्हटलंय आणि तक्ते तीनच आहेत, हे पकडणं त्याचं काम. संदर्भयादीतलं साल आणि मजकुरातलं साल जुळतं का, ‘मिलिग्रॅम’चं ‘मायक्रोग्रॅम’ झालंय का, हे तोच बघतो. अडलं तिथे तो लेखकाला क्वेरी टाकतो. पुढे पानं जुळवणारे, कोड टाकणारे, आकृत्या साफ करणारे, प्रूफ पाठवणारे. प्रोडक्शन एडिटर या सगळ्यांच्या मागे लागून पेपर ठरल्या तारखेला बाहेर काढतो. तारीख चुकली की मेल येतात, आणि तेही रात्री, कारण समोरच्याचा दिवस तेव्हा उजाडलेला असतो.

आपल्या नावांचा घोळ हा तर स्वतंत्र अध्याय आहे. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. परदेशी साचा कधी वडिलांच्याच नावाला आडनाव ठरवतो आणि लेखकाचं काम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं. अशा वेळी टेबलावर मराठी माणूस असला तर चूक जागीच पकडली जाते. मोहोळ-सोलापूरकडची मुलं मला या कामात आवडतात ती यामुळेच. घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत दखनी, शाळेत मराठी असं वाढलेल्या मुलाला भाषेचे नियम बदलतात याचं नवल वाटत नाही. मराठी माध्यमातून शिकलो म्हणून घाबरू नका. फर्डं बोलता आलं नाही तरी चालतं. नियमाचं पुस्तक वाचायची सवय आणि विसाव्या पानावरही पहिल्या पानाइतकीच शंका घेणारा डोळा, एवढं पुष्कळ आहे.

काम मानाचं आहे, पण नाव कुठेच छापून येत नाही. मान, पाठ आणि डोळे दुखतात. काही ठिकाणी पगार पानांवर आणि चुकांवर ठरतो. साधी दुरुस्ती आता संगणक करू लागला आहे, त्यामुळे नुसते स्वल्पविराम टाकायचे म्हणून या धंद्यात येऊ नका. विषय कळणाऱ्याला पुढेही काम राहील.

आणि हे काम पुण्या-मुंबईचंच, असंही समजू नका. सोलापुरातच ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी जैन संस्कृती संरक्षक संघ उभा केला. आधी तीस हजारांची देणगी जाहीर केली आणि १९४४ साली सुमारे दोन लाखांची आपली सगळी मालमत्ता संघाच्या ट्रस्टला देऊन टाकली. त्यांच्या नावाच्या ग्रंथमालेत कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हीरालाल जैन यांनी ‘तिलोयपण्णत्ती’ हा जुना प्राकृत ग्रंथ हस्तलिखितांवरून संपादित केला. त्याचा पहिला भाग १९४३ साली निघाला, दुसरा १९५१ साली. मध्ये आठ वर्षं गेली आणि त्याची कुणी लाज बाळगली नाही. १९४९ साली आसामचे विद्वान कृष्णकांत हांडिकी यांचा ‘यशस्तिलक’वरचा इंग्रजी ग्रंथही सोलापूरच्या याच मालेतून आला. आसामचा पंडित, दहाव्या शतकातला संस्कृत ग्रंथ, इंग्रजी पुस्तक आणि प्रकाशक सोलापूरचा. आजही जगभरचे अभ्यासक त्या आवृत्त्यांचे संदर्भ देतात.

आता दुसरी बाजू. २०१०च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, प्राध्यापकांच्या बढतीला पेपरांचे गुण जोडले. गुण हवेत म्हटल्यावर पेपर हवेत, आणि पेपर हवेत म्हटल्यावर पैसे घेऊन चार दिवसांत छापून देणारे गावोगाव उभे राहिले. यूजीसीच्या मान्यताप्राप्त जर्नलांच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या एक हजार नऊ जर्नलांची पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासणी केली, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक जर्नलं हलक्या दर्जाची निघाली. २०१८च्या मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून काढली. नंतर ‘केअर’ नावाची नवी यादी आणली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. आता सरकारी यादी तुमच्या वतीने निवड करणार नाही. प्राध्यापकाने आणि नोकरी शोधणाऱ्यानेही स्वतःच बघायचं आहे.

मोठं नाव म्हणजे खात्री, असंही नाही. वायली या जुन्या अमेरिकी कंपनीने २०२१ साली हिंदावी ही जर्नल कंपनी विकत घेतली आणि २०२३ साली एकट्या हिंदावीचे आठ हजारांवर पेपर मागे घ्यावे लागले. विकतचे पेपर आत शिरले होते. हैदराबादच्या ओमिक्स या जर्नल कंपनीला तर लेखकांची दिशाभूल केल्याबद्दल अमेरिकी न्यायालयाने २०१९ साली पाच कोटी डॉलरच्या वर भरपाई ठोठावली.

चिंचोळीच्या कोणत्याही चांगल्या कारखान्यात रिजेक्शनचा लाल डबा असतो. तो डबा कायम रिकामा दिसला की सुपरवायझर खूश होत नाही, गेज तपासायला लावतो. जर्नलचंही तेच आहे. आलेला प्रत्येक पेपर छापला जात असेल तर तिथे कुणी वाचतच नाही. तुम्ही तिथे एडिटर म्हणून लागाल, पण काम असेल प्राध्यापकांना फोन करून पैसे गोळा करण्याचं. चार वर्षांनी दुसरीकडे मुलाखतीला गेलात की त्या अनुभवाचा उपयोग शून्य.

जर्नल खरं कशावरून, असं विचारल्यावर मिळणाऱ्या ‘आयएसएसएन आहे’ या उत्तरावर भाळू नका. जर्नलचा हा नोंदणी नंबर दिल्लीहून फुकट मिळतो आणि दर्जाबद्दल काहीच सांगत नाही. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ म्हणाले तर तो आकडा क्लॅरिव्हेट या कंपनीच्या अहवालातला आहे का, ते विचारा. भलत्याच संस्थांचे आकडे बाजारात मुबलक आहेत. संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकाला सरळ मेल करा. आपलं नाव तिथे आहे हे पुष्कळांना तेव्हाच कळतं! आणि जी कंपनी घरबसल्या कामासाठी आधी डिपॉझिट मागते किंवा मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेते, तिचा फोन उचलू नका. खरी कंपनी तुमची एडिटिंगची परीक्षा घेते, पैसे घेत नाही. दुसऱ्याचा प्रबंध लिहून देण्याचं काम पुढे आलं तर पगार कितीही असो, नको म्हणा.

प्राध्यापक मंडळींनाही सांगणं आहे. पीएच.डी.साठी पेपर छापण्याची सक्ती यूजीसीने नोव्हेंबर २०२२ मध्येच काढली. तरीही विद्यार्थ्याला पैसे भरून छापून आण म्हणून पाठवणारे गाइड आहेत. ही दुकानं तुमच्याच जिवावर चालतात. ती बंद पडली तर आपल्या मुलांना खऱ्या कामाच्या जागा शोधणं सोपं जाईल.

मुलाखतीला गेलात की पगार विचारायच्या आधी एक प्रश्न विचारा : गेल्या वर्षी किती पेपर आले आणि किती परत गेले? आकडा सांगितला, तर पुढचं बोला. हसून विषय बदलला, तर चहा घ्या आणि उठा.