डिझेल इंजिन आधी गुरगुरतं, मग हलतं

तुमच्या घरी मॉडेल रेल्वे असेल, मग ती कायमची प्लायवूडवर ठोकलेली असो किंवा दर रविवारी पलंगाखालून बाहेर येणारी, एक गोष्ट तुमच्या लक्षात आलीच असेल. स्टेशन खरं वाटतं, सिग्नल खरा वाटतो, डब्यांचा रंगही अगदी हुबेहूब. आणि गाडी सुरू केली की ऐकू येते ती मोटरची किणकिण, मिक्सरच्या धाकट्या भावासारखी! लहान मुलं यावर आपापला उपाय करतात, तोंडाने 'झुकझुक' म्हणतात. मोठ्यांना मात्र साउंड डिकोडर घ्यावासा वाटतो.

घ्या की. पण खिशात हात घालण्याआधी थोडं ऐकून घ्या, कारण वाफेचं, डिझेलचं आणि विजेचं इंजिन यांच्या आवाजाचं गणित अगदी वेगवेगळं आहे. बरेच जण इथेच फसतात. महागडी चिप बसवतात आणि मग 'काहीतरी खोटं वाटतंय' म्हणून हळहळतात.

वाफेचं इंजिन त्यातल्या त्यात सोपं. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाक एकदा फिरलं की वाफ चार वेळा बाहेर पडते, म्हणजे चार 'झुक'. आपल्याकडच्या डब्ल्यूपी इंजिनाचं मोठं चाक सुमारे 1.7 मीटर व्यासाचं. हिशोब केला तर ताशी 20 किलोमीटरला सेकंदाला साधारण 4 ठोके पडतात आणि 60 ला 12 च्या वर. तेव्हा ते वेगळे ऐकू येत नाहीत, एकमेकांत मिसळतात. म्हणून चाकाच्या एका फेरीला चार ठोके बसतील असं डिकोडर जुळवून घ्या. इंजिन अगदी हळू चालवा, चाकावर एक खडूची खूण करा आणि मोजा. पाच-सहा पडत असतील तर डोळा आणि कान यांचं भांडण होणारच.

डिझेलमध्ये मात्र आवाजाचा आणि वेगाचा थेट संबंधच नसतो. डब्ल्यूडीएम-2 घ्या. अमेरिकेच्या अल्को कंपनीचं डिझाइन, 1962 मध्ये पहिली इंजिनं आली, 1964 पासून वाराणसीला बनू लागली. 16 सिलिंडर, 2600 अश्वशक्ती. तुमच्यापैकी ज्यांनी नव्वदच्या दशकात एक्स्प्रेसने प्रवास केलाय, त्यांच्या कानात हा आवाज अजून असेल. गाडी सुटताना काय व्हायचं आठवा. आधी भोंगा. मग इंजिनाची धडधड वाढायची, छतावरून काळा धूर उसळायचा आणि तरी डबा जागेवरच. दोन-तीन सेकंदांनी झटका बसायचा, वरच्या बर्थवरची पाण्याची बाटली घरंगळायची आणि मग फलाट मागे सरकायला लागायचा. चालकाच्या हातात आठ पायऱ्यांचा थ्रॉटल असतो. तो पायरी चढवतो तेव्हा आवाज लगेच वाढतो, वेग मात्र सावकाश. उलट, गाडी चांगल्या वेगात असताना पुढे स्टेशन आलं की थ्रॉटल शून्यावर येतो. इंजिन शांतपणे गुरगुरत राहतं आणि गाडी मात्र धावतच असते.

हे मॉडेलमध्ये आणायचं असेल तर डिकोडरमधल्या सीव्ही 3 आणि सीव्ही 4 या दोन आकड्यांकडे जा. पहिला वेग किती सावकाश वाढावा ते ठरवतो, दुसरा किती सावकाश कमी व्हावा ते. हे दोन्ही शून्याजवळ ठेवले, की बटण फिरवताच इंजिन उडी मारतं आणि कितीही महाग आवाज असला तरी ते खेळणंच वाटतं. माझं मत विचाराल तर नवा स्पीकर घेण्याआधी या दोन आकड्यांवर एक अख्खी संध्याकाळ घालवा. खर्च शून्य, फरक सगळ्यात मोठा.

विजेच्या इंजिनाबद्दल थोडक्यात. ते उभं असतानाही गप्प नसतं, थंड करणाऱ्या ब्लोअरचा घोंगावणारा आवाज चालूच असतो. पँटोग्राफ वर जातो, सर्किट ब्रेकरचा खटका पडतो, मग ब्लोअर. हा क्रम बरोबर आला की निम्मं काम झालं.

आता सामान. साध्या डीसी लेआउटमध्ये रुळांतला व्होल्टेज हाच वेग, त्यामुळे गाडी थांबली की आवाजही बंद. म्हणून आवाजासाठी डीसीसी पद्धत सोयीची. त्यात रुळांत वीज कायम असते आणि प्रत्येक इंजिनाला स्वतःचा नंबर असतो. इंजिन 'डीसीसी रेडी' असेल तर आत सॉकेट असतो, डिकोडर नुसता दाबून बसवायचा. जुन्या इंजिनात मात्र तारा जोडाव्या लागतात: लाल आणि काळी रुळांकडून, केशरी आणि करडी मोटरकडे. इथे एक गोष्ट अगदी जपून. मोटरचं कुठलंही टोक इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला किंवा रुळाकडून येणाऱ्या तारेला चिकटलेलं नको. तसं राहिलं तर पहिल्याच चाचणीत डिकोडर जळतो. साउंड डिकोडर साध्या डिकोडरपेक्षा कितीतरी महाग, शिवाय बहुतेक वेळा परदेशातून मागवलेला. तेव्हा मल्टिमीटर लावून तपासा आणि मगच वीज द्या. घरात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा भाचा किंवा पुतणी असेल तर हाक मारा, अशी मुलं आनंदाने येतात.

तारा जुळल्या की स्पीकर. तो उघडाच चिकटवला तर पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा आवाज येतो, कारण पुढून निघणारी आणि मागून निघणारी लहर एकमेकींना मारतात. मागची बाजू छोट्या डबीत पूर्ण हवाबंद करा. कडेला केसाएवढी फट राहिली तरी खर्ज निघून जातो. जागा नसेल तर मोबाईलमध्ये असतात तसले चौकोनी चिमुकले स्पीकर चालतात.

आणि आवाज कमी ठेवा! एचओ म्हणजे 1:87 चं प्रमाण. तुम्ही टेबलापासून 1 मीटरवर उभे असाल तर त्या जगात इंजिनापासून 87 मीटर दूर आहात. कानाशी इंजिन ओरडत असेल तर ते खरं कसं वाटेल? शेजारच्या खोलीत टीव्ही बघणाऱ्या आजीलाही याच हिशोबाने न्याय मिळेल.

एवढा खर्च नको असेल तर दुसरा रस्ता आहे. डीएफप्लेयर मिनी नावाचं बोटभर मॉड्यूल मिळतं. मेमरी कार्डवरची एमपी3 वाजवतं आणि छोटा स्पीकर स्वतःच चालवतं. ते फळीखाली, स्टेशनच्या बरोबर खाली बसवा. गाडी फिरते, आवाज तिथेच राहतो, हे खरं. पण स्टेशनवर उभ्या इंजिनाची गुरगुर, फाटकावरचा भोंगा यांना ते पुरतं. फाटकाआधी 'सी/फा' लिहिलेली छोटी पिवळी पाटी लावायला विसरू नका. सीटी-फाटक, म्हणजे इथे चालकाने भोंगा वाजवायचा. पाटीपाशी रुळात सेन्सर बसवला तर भोंगा आपोआप वाजेल.

रुळांच्या सांध्याचा खडखडाट तर फुकट मिळतो. जुन्या रुळांची लांबी 13 मीटर, एचओमध्ये ती साधारण 15 सेंटिमीटर होते. दर 15 सेंटिमीटरवर रुळाच्या माथ्यावर बारीक करवतीने हलकीशी खाच द्या. चाकं स्वतःच बोलतील.

राहिला प्रश्न आपल्या इंजिनांच्या आवाजाचा. परदेशी कंपन्यांच्या यादीत डब्ल्यूडीएम-2 शोधत बसू नका. अल्कोच्या 16 सिलिंडरच्या 251 इंजिनाचा आवाज घ्या, अमेरिकेच्या सेंच्युरी मालिकेतल्या सी-630 सारख्या इंजिनांत तेच कूळ आहे. धडधड जुळते, भोंगा मात्र परका वाटतो. तो आपला हवा असेल तर रेकॉर्ड करा, आणि हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. ब्रॉडगेजचं विद्युतीकरण जवळपास पूर्ण झालंय, जुनी अल्को इंजिनं झपाट्याने कमी होताहेत. जो आवाज ऐकत तुमच्या वडिलांनी नोकरीसाठी गाव सोडलं, तो उद्या ऐकवायला मिळेलच असं नाही.

रेकॉर्डिंग फलाटावरूनच करा, पिवळ्या रेषेच्या आत राहून. रुळांत शिरणं रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे आणि जिवाला धोका तो वेगळाच. मोबाईलच्या माइकवर स्पंजचा तुकडा धरा, नाहीतर नुसता वारा ऐकू येईल. उभ्या इंजिनाची गुरगुर किमान दोन मिनिटं घ्या, मग भोंगा, मग सुटतानाचा चढता आवाज. सगळेच डिकोडर तुमचं रेकॉर्डिंग स्वीकारत नाहीत. ईएसयूच्या लोकसाउंडमध्ये ते घालता येतं, पण त्यासाठी त्यांचं लोकप्रोग्रॅमर हे यंत्र लागतं. डीएफप्लेयरला असलं काही लागत नाही, फाइल कार्डवर टाकली की झालं. गुरगुर सलग वाजवायची असेल तर तुकडा कापताना सुरुवात आणि शेवट एकाच ठोक्यावर येऊ द्या, नाहीतर दर फेरीला 'टक' असा आवाज येत राहील.