शहर पाहावे मुलांच्या पावलांनी

मोठी माणसे प्रवासाला निघाली की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : "लहान मुलांना एवढ्या लांब कशाला न्यायचे? ती दमतात, भूक भूक करतात आणि पाहिलेले सगळे विसरून जातात." हे म्हणणे अगदीच खोटे नाही. मुले दमतात, हे खरेच आहे. पण म्हणून मुलांना घरी ठेवावे, हे मला मान्य नाही. माझे मत याच्या उलट आहे. एखादे शहर खरोखर कसे आहे हे समजून घ्यायचे असेल, तर ते मुलांबरोबर पाहावे. यासाठी आपण स्पेनमधील बार्सिलोना या शहराचे उदाहरण घेऊ या.

बार्सिलोना हे भूमध्य समुद्राच्या काठी वसलेले, सुमारे सोळा-सतरा लाख वस्तीचे शहर आहे. ते कातालोनिया या प्रांताची राजधानी आहे. बाजार, रस्ते, उत्सव आणि फुटबॉल यांमुळे ते रात्रंदिवस गजबजलेले असते. तेथे गेलेली मुले सर्वप्रथम समुद्राकडे धावतात. वाळू, लाटा आणि खेळायला मोकळी जागा! पण हा किनारा पूर्वी असा नव्हता. तेथे कारखाने, गोदामे आणि रेल्वेचे रूळ होते. १९९२ साली या शहरात ऑलिम्पिक सामने भरले. त्या निमित्ताने जुने कारखाने हलवले, रूळ दूर केले, वाळू आणून टाकली आणि चार किलोमीटरांहून अधिक लांबीचा किनारा लोकांसाठी खुला केला. मोठ्या माणसांना सामन्यांतील पदके आठवतात. मुलांना मात्र वाळू आठवते. सामने पंधरा-सोळा दिवसांत संपले. वाळू आजही तेथे आहे. मग शहराच्या दृष्टीने अधिक मोलाचे काय, ते तुम्हीच ठरवा.

मोठ्यांच्या हातात पाहायच्या ठिकाणांची लांबलचक यादी असते. एक स्थळ पाहिले की दुसरे, दुसरे पाहिले की तिसरे. मुले मात्र एकाच जागी रमतात. त्यामुळे त्यांच्याबरोबरच्या माणसांनाही थांबावे लागते, आणि थांबल्यावरच शहर दिसू लागते. १८५९ साली इल्देफोन्स सर्दा या अभियंत्याने बार्सिलोनाच्या वाढीचा आराखडा तयार केला. त्याने घरांचे सारखे चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनाचे कोपरे कापले. त्यामुळे प्रत्येक चौक ऐसपैस झाला. पुढे या रस्त्यांवर मोटारींची गर्दी झाली. तेव्हा महापालिकेने काही चौकोन एकत्र करून त्यांच्या आतील रस्त्यांवरून आरपार जाणाऱ्या मोटारी बंद करण्यास सुरुवात केली. २०१६ साली पोब्लेनोउ या भागात असा प्रयोग झाला, तेव्हा काही रहिवाशांनी विरोधही केला. पण जेथे मोटारी धावत होत्या तेथे बाके आली, झाडे आली आणि मुले खेळू लागली. रस्ता चांगला आहे की नाही, हे त्यावर किती मोटारी धावतात यावरून ठरवू नये. लहान मूल तेथे निर्धास्तपणे चालू शकते का, हे पाहावे.

या शहरात अंतोनी गौदी नावाचा थोर वास्तुशिल्पी होऊन गेला. त्याचे 'साग्रादा फामिलिया' हे चर्च जगप्रसिद्ध आहे. त्याचे काम १८८२ साली सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते गौदीकडे आले. १९२६ साली ट्रामच्या धडकेने गौदीचा मृत्यू झाला; पण काम थांबले नाही. आजही ते चालूच आहे. आतील खांब झाडांच्या खोडांसारखे आहेत आणि वर जाऊन त्यांना फांद्या फुटल्या आहेत. मोठी माणसे मान वर करून उंच मनोऱ्यांची छायाचित्रे घेतात. त्याच आवारात एक छोटीशी इमारत आहे. तिच्या भिंती आणि छप्पर लाटेसारखे वळणावळणाचे आहेत. चर्चचे बांधकाम करणाऱ्या मजुरांच्या आणि आसपासच्या मुलांसाठी गौदीने १९०९ साली बांधलेली ती शाळा! मला विचाराल, तर मुलांना आधी ही शाळा दाखवावी. जो माणूस एवढे मोठे चर्च उभारत होता, त्याला मजुरांच्या मुलांची आठवण होती, हे त्यांना समजले पाहिजे.

मित्रांनो, तुम्ही घरी उर्दू बोलता, उर्दूतून शिकता आणि मराठी ही दुसरी भाषा म्हणून अभ्यासता. काही वेळा तुम्हांला वाटत असेल, हे दोन भाषांचे ओझे आपल्याच वाट्याला का? बार्सिलोनाच्या मुलांकडे पाहा. तेथील लोकांची स्वतःची भाषा कातालान आहे आणि साऱ्या देशाची भाषा स्पॅनिश. फ्रँकोच्या हुकूमशाहीत, म्हणजे १९३९ ते १९७५ या काळात, कातालानला शाळेत स्थान नव्हते. आज तेथील शाळांत ती शिक्षणाची मुख्य भाषा आहे आणि मुले स्पॅनिशही शिकतात. त्याच शहरात राव्हाल नावाची जुनी वस्ती आहे. तेथे पाकिस्तान आणि बांगलादेश येथून आलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. तेथील काही मुले घरी उर्दू, शाळेत कातालान आणि रस्त्यावर स्पॅनिश बोलतात! भाषा अशा एकमेकींच्या घरी जातच असतात. मराठीतील साखर, उर्दूतील शकर आणि स्पॅनिशमधील 'अथुकार' हे शब्द एकाच घराण्यातले आहेत. संस्कृतातील 'शर्करा' हा शब्द फारसी आणि अरबीच्या वाटेने स्पेनपर्यंत पोहोचला. अशी गोष्ट बाजारात साखर विकत घेताना मुलांना सांगितली, तर ती सहसा विसरत नाहीत.

आता या नाण्याची दुसरी बाजू पाहू. बार्सिलोनाला येणाऱ्या प्रवाशांची संख्या इतकी वाढली, की तेथील लोकांनाच आपल्या शहरात राहणे कठीण होऊ लागले. घरे प्रवाशांना भाड्याने देण्यात जास्त पैसा मिळू लागला, म्हणून रहिवाशांसाठी भाडी खूप वाढली. गौदीच्याच 'पार्क ग्वेल' या बागेकडे जाणारी ११६ क्रमांकाची एक लहान बस आहे. तिच्यात प्रवासीच इतके भरत, की टेकडीवर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना चढायला जागा उरत नसे. शेवटी २०२४ साली त्या बसचा मार्ग गूगलच्या नकाशावरून काढून टाकावा लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये रहिवाशांनी मोर्चा काढला आणि काहींनी उपाहारगृहात बसलेल्या प्रवाशांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. लहान मुलाला त्यात गंमत वाटेल. पण त्या पिचकारीमागे राग होता, हे त्याला समजावून सांगितले पाहिजे. प्रवाशांना दिल्या जाणाऱ्या सुमारे दहा हजार घरांचे परवाने २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत संपवण्याचे महापालिकेने जाहीर केले आहे.

मग अशा शहरात जाऊच नये का? काही जण तसे म्हणतात. मला ते पटत नाही. कोणी कोणाकडे गेलेच नाही, तर माणसे एकमेकांना ओळखणार कशी? मात्र जायचे ते पाहुण्यासारखे जावे. चांगला पाहुणा सगळी खोली अडवून बसत नाही. तो घरातल्या माणसांची झोपमोड करत नाही आणि निघताना कचरा मागे ठेवत नाही. थोडी ठिकाणे पाहावीत; पण निवांतपणे पाहावीत. बसमध्ये आधी तेथील वृद्धांना चढू द्यावे. त्यांच्या भाषेतील निदान दोन शब्द, एक नमस्काराचा आणि एक आभाराचा, शिकून जावे. मुलांना हे सहज जमते. मोठ्यांनी फक्त त्यांच्या चालीने चालावे.

तुमच्यापैकी प्रत्येकाला बार्सिलोना पाहायला मिळेल, असे नाही. पण मामाच्या गावाला, सहलीला, लग्नाला तुम्ही जाताच. तेथे गेल्यावर स्वतःला दोन प्रश्न विचारा : या गावात लहान मुले रस्त्यावर निर्धास्त खेळू शकतात का? आणि आपल्या येण्याने इथल्या कोणाची जागा तर अडली नाही ना? हे प्रश्न विचारणाऱ्या मुलांना कोठेही नेण्यास माझी मुळीच हरकत नाही.