सत्तर वर्षांच्या घराला एवढी किंमत का?

दापोलीकडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा आणि सून कॅलिफोर्नियात सनीव्हेल येथे नोकरीला आहेत, दोन नातवंडे तिथल्याच शाळेत जातात. आता ते तिथे घर घेऊ पाहत आहेत. मुलाने व्हिडिओ कॉलवर घर दाखवले आणि अम्मींची झोप उडाली. त्या लिहितात, "बैठे घर, छप्पर जवळजवळ सपाट, रस्त्याकडे एक धड खिडकी नाही, खाली सिमेंटचा कोबा. बांधलेले १९५५ च्या सुमारास. आणि किंमत पंचवीस लाख डॉलर! पोराला कुणी फसवत तर नाही ना? आणि कर्जाच्या व्याजाचे काय? आणखी एक, आपल्या लोकांना तिथे शेजारी नीट राहू देतील का?"

आपा, फसवत कुणी नाही. पंचवीस लाख डॉलर म्हणजे आपले वीस कोटींच्या वर, हे खरे. पण त्या भागात हा भाव आता नवलाचा राहिलेला नाही. शेजारच्या पालो आल्टोत अशाच घराला याहून जास्त मोजावे लागतात. मात्र तुमचा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. कारण मुलगा पाहतो आहे त्या घराचा इतिहास नेमका त्याच प्रश्नाशी जोडलेला आहे.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून हे घर जोसेफ आइकलर यांनी बांधलेल्यांपैकी दिसते. न्यूयॉर्कच्या ज्यू कुटुंबात १९०० साली जन्मलेला हा माणूस ना वास्तुविशारद, ना गवंडी. सासुरवाडीच्या लोणी-अंड्यांच्या घाऊक धंद्यात त्याची वर्षे गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रँक लॉइड राइट या नामवंत वास्तुविशारदाने बांधलेल्या घरात भाड्याने राहिला आणि त्या घराच्या प्रेमात पडला. असे घर साध्या पगारदाराला का मिळू नये, या विचाराने तो चाळिशीच्या उत्तरार्धात बांधकामात उतरला. चांगले वास्तुविशारद नेमून त्याने १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे अकरा हजार घरे उभी केली. सुरुवातीची घरे दहा हजार डॉलरच्या आसपास विकली गेली. पुढे उंच इमारतींच्या नादात कंपनी बुडाली, ते वेगळे.

आता त्या कोऱ्या दर्शनी भागाविषयी. लाकडी खांब आणि तुळया यांच्यावर छप्पर तोललेले असल्यामुळे या घरात भिंतींवर भार नसतो. म्हणून मागच्या बाजूला जमिनीपासून छपरापर्यंत काचच काच लावता येते. रस्त्याकडे मात्र लाकडी फळ्यांची बंद भिंत आणि गाडी ठेवायची ओसरी. पन्नाशीच्या अखेरीच्या घरांत तर दारातून आत शिरले की मधोमध उघडा चौक लागतो, वर आकाश, आणि सगळ्या खोल्या त्या चौकाकडे तोंड करून. अमेरिकी मासिकांनी याला मोठा आधुनिक शोध म्हटले. आपल्या जुन्या वाड्यांत वाढलेल्या बाईला त्यात शोध कसला दिसणार? बाहेर कोरी भिंत, आत चौक, चौकात तुळस असो की मोगरा, बायकामुलांना मोकळे वावरता यावे ही सोय. तुमच्या सुनेला ते घर आवडले असेल, तर मला तरी आश्चर्य वाटत नाही.

मग किंमत? घर साधे आहे, जमीन महाग आहे. संगणकाच्या धंद्याने त्या खोऱ्यात गेल्या पन्नास वर्षांत लाखो नोकऱ्या आणल्या, पण घरे त्या मानाने वाढली नाहीत. बहुतेक जमिनीवर एका प्लॉटवर एकच घर, असा नियम दशकानुदशके चालला. २०२२ पासून राज्याच्या नव्या कायद्याने तो काहीसा सैल झाला आहे, इतकेच. त्यात १९७८ ची तेराव्या क्रमांकाची घटनादुरुस्ती. तिच्यानुसार मालमत्ता कर घराच्या नोंदलेल्या किमतीच्या एक टक्का, आणि ही नोंदलेली किंमत वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढते. घर विकले गेले की मगच बाजारभाव लागतो. हिशेब करून पाहा. १९७५ साली साठ हजार डॉलर धरलेल्या घराची कागदावरची किंमत पन्नास वर्षांनंतरही एक लाख साठ हजारांच्या आसपास राहते, म्हणजे कर सोळाशे डॉलर. तुमचा मुलगा त्याच्या शेजारी तसेच घर पंचवीस लाखांना घेईल आणि पंचवीस हजार डॉलर भरील, वर स्थानिक पट्ट्या वेगळ्या. मग तो म्हातारा शेजारी घर कशाला विकेल? त्यात व्याजदर. तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर २०२१ च्या आरंभी तीन टक्क्यांच्याही खाली होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये तो पावणेआठांवर गेला. पंधरा लाख डॉलरच्या कर्जाचा हप्ता तीन टक्क्यांनी महिना सहा हजार तीनशे पडतो आणि सात टक्क्यांनी जवळपास दहा हजार. स्वस्तात कर्ज घेतलेला माणूस ते सोडून नवे महाग कर्ज घ्यायला तयार होत नाही. विकणारे थोडे, घेणारे पुष्कळ. बाजार असा अडकलेला आहे.

हे झाले पैशाचे. आता शेजाऱ्यांचे.

युद्ध संपल्यावर अमेरिकेत उपनगरे उभी राहिली ती सरकारी हमीच्या कर्जावर. १९३४ साली स्थापन झालेले केंद्रीय गृहनिर्माण प्रशासन बँकांना हमी देई, त्यामुळे बांधणाऱ्याला आणि घेणाऱ्याला स्वस्त पैसा मिळे. पण या प्रशासनाच्या नियमपुस्तकात मिश्र वस्ती म्हणजे धोका असे धरलेले होते. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउन या सतरा हजारांहून अधिक घरांच्या प्रसिद्ध वसाहतीत गोऱ्यांखेरीज कुणी राहू नये, असे करारातच लिहिलेले असे. कॅलिफोर्नियात पालो आल्टोजवळ लाडेरा येथे सुमारे दीडशे कुटुंबांनी सहकारी तत्त्वावर जमीन घेतली. त्यांत कृष्णवर्णीयांची कुटुंबे फक्त तीन होती. तेवढ्यासाठी सरकारी हमी नाकारली गेली आणि शेवटी सहकारी संस्थेला ती जमीन विकून टाकावी लागली. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे वर्णभेदी करार न्यायालये अमलात आणणार नाहीत, एवढे ठरवले. करार लिहायला बंदी नव्हतीच.

विली मेज या बेसबॉलपटूचे नाव त्या काळी अमेरिकेत घराघरांत होते. १९५७ मध्ये त्याचा संघ सॅन फ्रान्सिस्कोला येणार म्हणून तो तिथे घर घ्यायला गेला. साडेसदतीस हजार डॉलर रोख द्यायला तयार. शेजाऱ्यांनी दबाव आणला, घरमालक मागे हटला. वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, महापौरांना लाज वाटली, तेव्हा कुठे घर मिळाले. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातील लेव्हिटटाउनमध्ये मायर्स या कृष्णवर्णीय कुटुंबाने घर घेतले, तर घरासमोर जमाव जमून दगडफेक झाली. नामवंत खेळाडूसाठी महापौर धावून येतो. साध्या माणसाच्या मागे कोण उभे राहणार?

आणि आपली माणसे? १९१३ च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने, ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही अशा आशियाई लोकांना शेतजमीन घ्यायला बंदी केली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस गोरा नव्हे म्हणून त्याला नागरिकत्व नाही, असे ठरवले. पंजाबातून गेलेले शीख आणि मुसलमान शेतकरी या कचाट्यात सापडले. त्याआधीच पेशावरहून गेलेल्या वैष्णोदास बगाई यांनी बर्कलीत घर घेतले होते. सामान घेऊन पत्नी कला आणि मुले दाराशी पोहोचली तो शेजाऱ्यांनी घराला कुलूप घातलेले. पुढे मिळालेले नागरिकत्वही काढून घेतले गेले आणि १९२८ मध्ये बगाईंनी जीव दिला. कलाबाई टिकून राहिल्या. अलीकडे त्याच बर्कलीने एका रस्त्याला त्यांचे नाव दिले आहे. हिंदी लोकांना नागरिकत्वाची वाट १९४६ साली मोकळी झाली, आणि तो जमिनीचा कायदा १९५२ मध्ये न्यायालयात पडला.

अशा दिवसांत आइकलर आपली घरे ज्याला परवडेल त्याला विकत होता. आशियाई कुटुंबांना १९५० च्या सुमारास, कृष्णवर्णीयांना थोड्या वर्षांनी. कुणी शेजारी कुरकुरला तर त्याचे घर परत विकत घ्यायची तयारी त्याने दाखवली, असे सांगतात. १९५८ मध्ये बांधकाम व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने भेदभावाविरुद्ध भूमिका घ्यायला नकार दिला, तेव्हा त्याने तिचे सदस्यत्व सोडले. धंद्यातल्या माणसाला हे सोपे नसते. घरांच्या किमती कोसळतील ही ओरड तेव्हाही होती. किती कोसळल्या ते तुमच्या पत्रातल्या आकड्यावरून दिसतेच आहे.

कायदा मात्र सहज आला नाही. कॅलिफोर्नियाने १९६३ मध्ये घरविक्रीतला भेदभाव रोखणारा कायदा केला. पुढच्याच वर्षी तिथल्या मतदारांनी सुमारे पासष्ट टक्के मतांनी तो रद्द केला. तीच माणसे, ज्यांना आपण आज पुढारलेली म्हणतो! न्यायालयाने १९६७ मध्ये ते मतदान घटनाबाह्य ठरवले. देशभराचा कायदा झाला तो १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यानंतरच्या आठवड्यात. त्यामुळे आज तुमच्या मुलाला कुणी धर्मावरून किंवा वर्णावरून घर नाकारले, तर त्याला दाद मागायला जागा आहे. सनीव्हेलमध्ये भारतीयांची वस्तीही मोठी आहे. त्या बाबतीत निश्चिंत राहा.

इथे तशी जागा आपल्याला नाही. मुंबई-पुण्यात नाव ऐकून फोन ठेवणारा दलाल आपल्यापैकी कित्येकांनी अनुभवला आहे. २००५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सदस्यत्व एका समाजापुरते ठेवणारी पोटनियमातील अट वैध मानली. भेदभाव न करण्याचे घटनेचे बंधन मुख्यतः सरकारवर आहे, खासगी घरमालकावर ते थेट येत नाही, ही आपली अडचण. पण सगळा दोष बाहेर टाकून मी मोकळा होणार नाही. आपल्या मोहल्ल्यात खोली भाड्याने देताना "कुठले? कोकणी की दखनी? जमात कुठली?" असे विचारणारे घरमालक मला माहीत आहेत, वाचकांनाही असतील. एकट्या नोकरदार मुलीला, तलाकशुदा बाईला खोली नाकारणारेही. लेव्हिटटाउनचे करार वाचताना मला ते आठवले.

आता घर बघताना मुलाने काय पाहावे. या घरांत ऊब येते ती कोब्यात पुरलेल्या गरम पाण्याच्या नळ्यांतून. थंडीत पायाला छान वाटते, पण नळी फुटली तर जमीन फोडावी लागते. पन्नाशीच्या आरंभी तांब्याचा तुटवडा होता, म्हणून काही घरांत लोखंडी नळ्या घातल्या गेल्या आणि त्या गंजल्या. नळ्या कशाच्या आहेत, चालू आहेत की बंद करून टाकल्या आहेत, हे दाब लावून तपासून घ्यावे. सपाट छपराला माळा नाही, पाणी कुठे साठते ते पावसानंतर जाऊन बघावे. जुन्या फरश्यांत आणि त्यांच्या चिकटवणीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, ती स्वतः खरवडू नये. काचा एकेरी असतील तर विजेचे बिल जबर येईल. आणि महत्त्वाचे, मागच्या शेजाऱ्याने उद्या मजला चढवला तर काचेच्या भिंतीतून त्यांचे घर त्याला सगळे दिसेल. म्हणून पालो आल्टोने आणि सनीव्हेलनेही काही आइकलर वस्त्यांत दुसऱ्या मजल्याला मनाई केली आहे. आपली गल्ली त्यात आहे का, हे नगरपालिकेत विचारावे. परदा राहील, पण उद्या कुटुंब वाढले तर त्यांनाही मजला चढवता येणार नाही, हेही लक्षात घ्यावे.

व्याजाविषयी निर्णय त्या दोघांचा आणि ते ज्या आलिमांना मानतात त्यांचा. वाट मात्र उपलब्ध आहे, एवढे सांगतो. १९९७ आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या बँक नियंत्रकाने एका कुवेती बँकेला इजारा आणि मुराबहा पद्धतीने घरासाठी पैसा देण्याची मुभा दिली. आज भागीदारीने घर घेऊन हळूहळू आपला हिस्सा वाढवायचा, अशी व्यवस्था देणाऱ्या संस्था तिथे आहेत. महिन्याचा बोजा बहुधा बाजारातल्या व्याजाच्या जवळपासच पडतो. स्वस्त म्हणून कुणी त्यात जाऊ नये. घर मुदतीआधी विकले तर नफा-तोटा कुणाचा आणि हप्ता चुकला तर दंड कुठे जातो, ही दोन कलमे सुनेला वाचायला सांगा. त्या बाबतीत मुलापेक्षा तिच्यावर माझा अधिक भरवसा आहे.

आणि जमिनीचे जुने कागद मागवून घ्या. त्यात कदाचित गोऱ्यांखेरीज कुणी राहू नये असे एखादे कलम निघेल. कागदांच्या पहिल्या पानावर, असे कलम रद्द समजावे, अशी सूचना तिथल्या कायद्याने छापलेली असते. मूळ ओळ खोडून हवी असेल तर काउंटीच्या नोंदणी कार्यालयात अर्ज द्यावा. त्याची फी लागत नाही.