पुडी आणि पाळणा

येरवड्यातल्या कुठल्याही टपरीपाशी सकाळी थोडा वेळ उभे राहावे. वस्तीतला रिक्षावाला तळहातावर चुना लावून तंबाखू मळत असतो आणि त्याच्या शेजारी, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र लटकवलेला तरुण सिगारेट पेटवत असतो. दोघांच्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक असेल, पण निकोटिनची ओढ एकच आहे. आणि लग्नाला चार वर्षे होऊनही पाळणा हलला नसेल, तर दोघांच्याही घरी बोट आधी बायकोकडेच वळते.

आपल्या भाषेनेही हा अन्याय पोसला आहे. 'वांझ' हा शब्द बाईच्या माथी, 'कूस उजवणे' तिचेच. पुरुषाला 'नपुंसक' म्हणतात, पण त्याचा अर्थ निराळा. संसार व्यवस्थित करणाऱ्या धडधाकट पुरुषाच्या वीर्यातही शुक्रजंतू कमी किंवा दुबळे असू शकतात, हे अनेकांच्या गावीही नसते. प्रत्यक्षात मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा इतर कारणांच्या जोडीने असते.

तंबाखूतले निकोटिन रक्तावाटे वीर्यापर्यंत पोहोचते. २० अभ्यास आणि ५,८६५ पुरुषांची माहिती एकत्र करून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात धूम्रपान करणाऱ्यांच्या शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल कमी आढळली. धुरात इतरही शेकडो विषे असतात, त्यामुळे सारा दोष एकट्या निकोटिनवर टाकता येत नाही. पण 'मी ओढत नाही, नुसती खातो' ही पळवाटही उरलेली नाही. वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या ६३८ भारतीय पुरुषांच्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तंबाखू चघळण्याचे प्रमाण जितके जास्त, तितका वीर्याचा दर्जा खालावलेला दिसला. आपल्यासाठी हाच मुद्दा कळीचा आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले ३५.५ टक्के प्रौढ पुरुष तंबाखू घेतात. स्त्री-पुरुष मिळून ओढणारे ३.८ टक्के आणि खाणारे, चघळणारे, लावणारे २४.४ टक्के. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखूची पुडी खिशात आहेच.

तंबाखू घेणाऱ्या प्रत्येकाला मूल होत नाही, असे मुळीच नाही. म्हणूनच शेजारच्याचे उदाहरण देऊन हा विषय उडवला जातो. पण ज्या घरात वाट पाहणे चालू आहे, तिथे ही जोखीम कशासाठी घ्यायची? शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडण्याजोगे व्हायला साधारण तीन महिने लागतात. म्हणजे आज पुडी टाकली, तर तीन महिन्यांनी येणारी शुक्रजंतूंची पिढी निकोटिनविना वाढलेली असेल. उपचारांवर हजारो-लाखो रुपये ओतण्याआधी इतका स्वस्त उपाय करून पाहायलाच हवा.

युरोपीय संघात सिगारेटच्या पाकिटांवरील इशाऱ्यांत 'धूम्रपानाने प्रजननक्षमता घटते' हेही वाक्य आहे. आपल्याकडे पाकिटाच्या दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असतो, पण तो कर्करोगाविषयी आणि मृत्यूविषयी बोलतो. पंचविशीतल्या मुलाला मृत्यू फार लांबचा वाटतो, बाप होणे मात्र जवळचे असते. प्रजननक्षमतेविषयीचा इशारा मराठीत, त्याला कळेल अशा शब्दांत पुडीवर छापला पाहिजे. दवाखान्यांनीही बाईला सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी अशा चक्रात ढकलण्याआधी नवऱ्याला दोन गोष्टी विचारल्या पाहिजेत : तंबाखू किती घेता, आणि वीर्यतपासणी झाली का? ही तपासणी साधी आहे, तिच्यात ना सुई, ना भूल.

व्यसन सोडायला मदत लागते, त्यात कमीपणा नाही. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी १८००-११-२३५६ हा क्रमांक पुडीवरच छापलेला असतो. नवस बोलण्याआधी, सुनेला चार दवाखाने फिरवण्याआधी घरातल्या थोरांनी मुलाला तो क्रमांक लावायला सांगावा, आणि तपासणीला पहिल्यांदा त्यालाच पाठवावे.