हिशेब फक्त गरिबाच्याच तिकिटाचा का?

गावी जाण्यासाठी काढलेले रेल्वेचे आरक्षित तिकीट कधी नीट वाचले आहे का? २०१६ पासून त्यावर एक ओळ छापली जाऊ लागली. प्रवासाला येणाऱ्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम रेल्वेला भाड्यातून मिळते, असा तिचा अर्थ. ती वाचून गरीब माणसाला वाटते, आपण सरकारवर ओझे झालो आहोत.

ही तूट खोटी नाही. मालगाड्यांच्या कमाईतून ती बरीचशी भरून काढली जाते. पण हा हिशेब अर्धाच आहे. रूळ, पूल, सिग्नल, स्टेशने आणि त्यांची देखभाल, हा सारा खर्च रेल्वेच्या वहीत लिहिला जातो. मोटारवाला मात्र फक्त गाडी घेतो, रस्ता सरकार बांधते. तो गाडीचा कर भरतो, पेट्रोलवर कर देतो, काही ठिकाणी टोलही देतो, हे मान्य. पण त्याच्या फेरीसाठी सरकारी तिजोरीतून किती गेले, याची पावती त्याच्या हातात कोणी ठेवत नाही.

विमानाचेही तेच. लहान शहरांच्या विमानसेवेतील तूट भरून देण्यासाठी सरकारने २०१६ मध्ये 'उडान' योजना आणली. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, तेव्हा तिचे ४६ हजार कोटींहून अधिक कर्ज सरकारकडेच राहिले. विमानाच्या तिकिटावर तशी ओळ आम्ही तरी पाहिलेली नाही.

आता मुंबईकडे पाहा. लांब पल्ल्याच्या गाड्या वेगळ्या काढून लोकलला वाट मोकळी करणारी ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन २००८ मध्ये मंजूर झाली. खर्च सुमारे ६२० कोटी. ती सुरू व्हायला फेब्रुवारी २०२२ उजाडला. सागरी किनारा रस्त्याचे काम २०१८ मध्ये सुरू झाले आणि मार्च २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला. लांबी साडेदहा किलोमीटर, खर्च १२ हजार कोटींहून अधिक, तोही महापालिकेच्या तिजोरीतून. टोल नाही आणि दुचाकी, रिक्षा यांना मज्जाव! लाईन रखडण्याला पैसा हे एकच कारण नव्हते. पण घाई कोणाच्या कामाची होते, हे यातून दिसतेच. २०२४ या एका वर्षात मुंबईच्या लोकलमार्गांवर दोन हजारांहून अधिक माणसे मेली. कोणी रूळ ओलांडताना, कोणी गर्दीत दारातून पडून. त्यांतले कित्येक घरचे कमावते होते.

आणि काटकसर कुठे झाली? वडीलधाऱ्यांच्या तिकिटात. साठीच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली.

साबणाची वडी घेतली तरी आपण कर भरतो. रस्ता, विमानतळ, रेल्वे या सर्वांत आपला पैसा आहे. म्हणून मान खाली घालण्याचे कारण नाही. रस्ते नकोत, असेही आमचे म्हणणे नाही. एका रुपयात किती माणसे सुखरूप कामावर पोहोचतात आणि घरी परततात, हे माप सर्वांना सारखे लावा, एवढेच मागणे आहे. मते मागायला दारात येणाऱ्याला हा प्रश्न जरूर विचारा. आणि तिकिटावरची ती ओळ मुलांना दाखवून उरलेला अर्धा हिशेबही समजावून सांगा.