घोडा कोणाचा?



एम-५ वर एव्हनमाउथच्या पुलावरून जाताना गोदीकडे नव्याकोऱ्या गाड्यांच्या रांगा दिसतात, त्या तुम्ही पाहिल्याच असतील. पहिल्या महायुद्धात याच बंदरात अमेरिकेहून लाखो घोडे-खेचरं उतरली. शेजारी शायरहॅम्प्टनला त्यांचा तळ होता. आणि ऑगस्ट १९१६ मध्ये पहिले रणगाडे फ्रान्सला रवाना झाले, तेही इथूनच!

तिकडे सोमच्या लढाईत १४ जुलै १९१६ ला हाय वुडजवळ २० डेक्कन हॉर्सने भाले घेऊन चाल केली. त्याच ब्रिगेडमध्ये आपल्या पुण्याच्या नावाची ३४ पूना हॉर्स होती. १५ सप्टेंबरला त्याच रानात रणगाडे घुसले. दोनच महिन्यांचं अंतर!

पण बदल नुसता वाहनाचा नव्हता. शिवकाळात बारगिराला घोडा सरकारी, शिलेदार मात्र स्वतःचा आणायचा. इंग्रजांनी हीच पद्धत ‘सिल्लादारी’ नावाने उचलली. १८१७ साली उभी राहिलेली पूना हॉर्सही त्याच घडणीची. घोडा म्हणजे स्वाराचं भांडवल, तो मेला की कंबरडंच मोडलं. महायुद्धात घोडे इतके मरायला लागले की भरपाई स्वाराच्या आवाक्यात राहिली नाही. युद्धानंतर ती पद्धत बंद झाली. पुढे तर रणगाडेच आले, आणि रणगाडा कोण घरून आणणार? थोडक्यात, सगळेच बारगीर झाले.

मग स्वाराचं स्वतःचं असं काय उरलं? १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय २१. ‘फामागुस्ता’ नावाचा त्यांचा सेंच्युरियन रणगाडा ब्रिटिश बनावटीचा. तो पेटला, बाहेर पडायचा हुकूम आला. तोफ अजून चालतेय, म्हणून ते बाहेर पडले नाहीत. परमवीरचक्र मिळालं ते मरणोत्तर. रणगाडा सरकारी होता, तिथे थांबायचा निर्णय त्यांचा स्वतःचा.

देशात गेलात तर नगरचं (आता अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. तोवर इथून दोनेक तासांवर डॉर्सेटमध्ये बोव्हिंग्टन आहेच. मात्र जाताना एव्हनमाउथवरची ही गोष्ट त्यांना आधी सांगा, म्हणजे ते लोखंड नुसतं लोखंड वाटणार नाही.